कुंभळजाईचा मुखवटा

१

शेकोटीभोवती बसलेल्या मातीच्या माणसांपैकी एकाच्याच तोंडावर माश्या बसत होत्या. ते पहिल्यांदा ठकुबाईच्या ध्यानात आलं.

भोंगवलीच्या बचत गटातल्या बायका टेम्पो करून गुंजवट्यांचा राजवाडा बघायला आल्या होत्या. भाटघर धरणाच्या फुगवट्यावर, टेकाडाच्या टोकाशी उभ्या असलेल्या त्या राजवाड्यात आता दरबार भरत नव्हता. तिथं होती डोंगरातल्या माणसांची घोंगडी, ढोल, विळे, इरली, मासे धरायचे बांबूचे सापळे. तळमजल्याच्या दालनात तर अख्खा गाव उभा केला होता. नांगरणारा गडी, दळणाला बसलेल्या सासू-सुना, आणि कोपऱ्यात शेकोटीभोवती घोंगडी पांघरलेले बापये. सगळे मातीचे, पण तिथल्या अंधुक उजेडात खरे वाटायचे.

ठकुबाई दोरीवरून वाकली. "अगं, ह्या म्हाताऱ्याच्या नाकावर माशी बसतीया. बाकीच्यांच्या न्हाई."

"गूळ लावला आसंल त्येला," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका खिदळल्या.

ठकुबाईनं हात लांब करून घोंगडीचं टोक ओढलं. म्हातारा सावकाश एका अंगावर कलला. मुंडासं सुटून गडगडत गेलं. डोकं फरशीवर आपटलं, आणि त्या आवाजानं सगळ्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. तो आवाज मातीचा नव्हता.

म्हाताराही नव्हता तो. संग्रहालयाचे संग्रहपाल गोरख दिघे, सकाळपासून ज्यांना सगळे शोधत होते, ते तिथं मरून बसले होते.

२

उपनिरीक्षक संजीवनी ओव्हाळ भोरहून पोचली तोवर दालन रिकामं केलं होतं. तरी तिला ते भरलेलंच वाटलं. मातीचे डोळे चहूकडून तिच्यावर लागले होते.

दिघ्यांना ती ओळखत होती. सडसडीत अंगाचा, शाळाशाळांतून मुलांना अवजारांच्या गोष्टी सांगत फिरणारा माणूस. डोक्याच्या मागं एकच घाव होता, बोथट आणि जड. मुंडाशानं तो झाकला होता. दालनात रक्ताचा थेंब नव्हता.

"मारलं दुसरीकडं, बसवलं हितं," हवालदार सावळाराम म्हणाला.

संजीवनी गुडघे टेकून बसली. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे वळ होते, चष्मा मात्र कुठंच नव्हता. पाय अनवाणी. बोटांच्या बेचक्यांत काहीतरी करडं वाळून चिकटलं होतं. तिनं नखानं खरवडून पाहिलं. राजवाड्याभोवतीची माती तर तांबडी होती.

चपला सापडल्या वरच्या मजल्यावर, देवदालनाच्या उंबऱ्याशी, नीट जोडीनं ठेवलेल्या. आत काचेच्या कपाटात कुंभळजाईचा चांदीचा मुखवटा होता. त्या दालनात सगळेच चपला काढून जात.

"म्हंजे देवीपुढंच झालं," सावळारामनं आवाज खाली आणला. "म्याडम, गेल्या आठवड्यात कुंभळीचा सोनबा खालच्या चौकात सगळ्यांदेखत काय बोलला, ते साऱ्या तालुक्याला ठावं हाय."

"काय बोलला?"

"म्हणला, देवीचं तोंड घरी आलं न्हाई तर ती तुमच्यातलाच एक घिऊन जाईल."

संजीवनीनं वर पाहिलं. काचेमागून चांदीचे मोठे डोळे दालनाच्या दाराकडं एकटक बघत होते.

३

कुंभळी नावाचं गाव धरणात बुडालं त्याला आता जिवंत साक्षीदार उरला नव्हता. गाव उठलं, मार्गासनीच्या पलीकडं डोंगरात जाऊन बसलं. देऊळ मात्र पाण्यात राहिलं. घरादाराचा ठिकाणा नव्हता तेव्हा देवीचा मुखवटा कुंभळीकरांनी गुंजवटे सरकारांकडं ठेवायला दिला होता. नव्या देवळावर पत्रा पडला, पिढ्या सरल्या, आणि मुखवटा राजवाड्यातच राहिला. अखेर दिघ्यांनीच खटपट करून तो परत द्यायचं ठरवलं. दिवस ठरला, आणि अचानक त्यांनीच तो पुढं ढकलला. कारण सांगेनात. त्यावरून सोनबाचा तोल गेला होता.

सोनबा देवीचा पुजारी. पोलिसांनी बोलावल्यावर पळाला नाही, घोंगडी खांद्यावर टाकून स्वतः एसटीनं आला.

"बोललो म्या तसं. खोटं कशाला सांगू?" तो म्हणाला. "पर त्यो मानूस आमचा व्हता, बाई. राजवाड्यात आमचा म्हणावा असा त्यो एकलाच. त्येला मारून देवी आमाला काय द्यायची?"

राजनंदिनी गुंजवटे सज्जात उभ्या होत्या. लग्न झालं तरी त्या माहेरचंच नाव लावत; वडील गेल्यावर विश्वस्त मंडळाचा कारभार त्याच बघत. "मुखवटा द्यायला माझा सुरुवातीला विरोध होता, ते लपवत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं आता दाखवण्यासारखं दुसरं काय उरलंय? पण दिघ्यांनी मला पटवलं. वडिलांनी जपलेली ठेव मी मानानं परत करणार होते."

'वडिलांनी' म्हणताना त्यांचा आवाज मऊ झाला. मागं उभा असलेला मानसिंग त्या शब्दासरशी खाली बघू लागला. मानसिंग राजवाड्याचा जुना कारभारी. पाठ अजून ताठ, खांदे पैलवानाचे. थोरल्या सरकारांच्या, म्हणजे राजनंदिनींच्या वडिलांच्या, पायाशी वाढलेला.

"दिघेसाहेबांना सकाळी मी देवदालनाकडं जाताना पाहिलं," तो म्हणाला. "त्यानंतर दिसले नाहीत."

"खाली धरणाच्या बाजूला कुणी जातं का?"

"कोण जाणार? पाणदरवाजा सरकारांच्या काळापासून बंद आहे. कुलूप गंजलंय. पाणी आटलं तरी खाली नुसता गाळ. मी काय, राजवाड्यातलं कुणीच ह्या उन्हाळ्यात तिकडं उतरलेलं नाही."

फोन वाजला. पलीकडं मोठे साहेब होते. वरून दबाव येत होता, कुंभळीत माणसं जमायला लागली होती. "संजीवनी, धमकी दिलेला माणूस तुझ्यासमोर बसलाय आणि तू वस्तू बघत फिरतेयस? उद्या संध्याकाळपर्यंत दुसरं काही हाती लागलं नाही तर सोनबाला अटक कर."

बाहेर वळवाचं आभाळ भरून आलं होतं. थोड्याच वेळात सर कोसळली आणि धरणाच्या कोरड्या पोटातून ओल्या गाळाचा कुबट वास वर आला. संजीवनी जागच्या जागी थांबली. बेचक्यांतली ती करडी माती कुठली, ते तिला त्या वासानं सांगितलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मुखवटा कपाटातून काढायला लावला. कपाटाची किल्ली दिघ्यांच्या मेजाच्या खणातच मिळाली होती. जुन्या वस्तूंची डागडुजी करणारी शेफाली पुण्याहून आली होती. हातमोजे घालून तिनं मुखवटा उचलला आणि उजेडाकडं धरला.

"बाहेरून पुसलेला आहे," ती म्हणाली. "फडक्यानं, घाईघाईत. आम्ही असा कधीच पुसत नाही."

"आणि आतून?"

शेफालीनं तो उलटा केला. आतल्या काठाच्या दुमडीत करडा गाळ वाळून बसला होता.

"म्हणजे हा बाहेर नेला होता," संजीवनी म्हणाली. "आणि कुणीतरी परत आणून ठेवला."

शेफाली खुर्चीत बसली. "मॅडम, एक गोष्ट मी कुणाला बोलले नव्हते. मुखवटा साफ करताना माझ्या लक्षात आलं होतं. देवीच्या दगडावर पिढ्यान् पिढ्या चढवलेला मुखवटा आतून ओरखडलेला असायला हवा. हा आतून गुळगुळीत आहे. मी दिघेसरांना सांगितलं. त्यांनी स्वतः आतून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाले, कुणापाशी बोलू नकोस, मी खात्री करून घेतो."

"म्हणून त्यांनी दिवस पुढं ढकलला."

"हो. पण खात्री कशी करणार होते ते मला सांगितलं नाही."

संजीवनी खिडकीशी गेली. बुरुजाच्या पायथ्याखाली आटलेल्या फुगवट्यात एका देवळाचा काळा दगडी कळस वर आला होता. दर उन्हाळ्यात तो असा येतो, पावसात बुडतो. आत देवीचा दगड अजून जागेवर आहे, असं सोनबा म्हणाला होता. तो मुखवटा घडवला होता त्याच दगडाच्या मापानं.

"खात्री करायची एकच जागा आहे," ती म्हणाली. "तिथं ते गेले होते. आणि एकटे नव्हते गेले."

५

पाणदरवाजाकडं जाणारा बोळ मातीच्या माणसांच्या दालनातूनच निघत होता. बोळात सगळीकडं बोटभर धूळ होती. फक्त मधोमध माणूस चालेल एवढा पट्टा स्वच्छ होता. जिथं कुणी येत नाही तिथं कुणीतरी झाडू मारला होता.

कुलूप बाहेरून गंजलेलं दिसत होतं. किल्ली मात्र अल्लाद फिरली. ती कार्यालयातल्या खिळ्याला टांगलेली असायची, ती कुणालाही काढता आली असती.

दरवाजाच्या खाली पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या पुढं भेगाळलेला गाळ पार देवळापर्यंत. वळवाच्या सरीनं पावलं पुसली होती. सावळाराम काठी टेकत पुढं झाला आणि चारच पावलांत गुडघ्याएवढा रुतला. त्याला बाहेर ओढता ओढता दोघंही चिखलानं माखले. वरची खपली सगळीकडं सारखीच दिसत होती, कुठं टणक आणि कुठं फसवी ते डोळ्यांना कळत नव्हतं. बराच वेळ काठीनं चाचपल्यावर एक वाट सापडली. बुडालेल्या गावाची जुनी भिंत गाळाखाली वाकडीतिकडी गेली होती, तिच्याच अंगानं पाय ठरत होता.

"मढं खांद्यावर घिऊन ह्या वाटंनं आला त्यो?" सावळारामनं विचारलं.

"हो. म्हणजे वाट त्याला चांगली ठाऊक होती."

"पर दालनात कशापायी बसवलं?"

"बसवायचं नव्हतंच. वर देवदालनात न्यायचं असणार, म्हणजे खालच्या देवळाकडं कुणी बघणार नाही. पण तोवर बाहेर टेम्पो येऊन थांबला, बायकांचे आवाज आले. हातात मढं आणि पुढं पाहुणे. लपवायला माणसांच्या घोळक्याइतकी चांगली जागा नाही."

तिनं काळवंडलेल्या आभाळाकडं पाहिलं. चार जोराचे पाऊस झाले की देऊळ, दगड, वाट, सगळं पाण्याखाली जाणार होतं. मारणाऱ्याला एवढीच कळ काढायची होती. आणि तिच्याकडं संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

"सगळ्यांना बोलाव," ती म्हणाली. "आणि मुखवटा घे. देवीची ओळख पटवायची आहे म्हणावं."

६

दुपार असून सांजावल्यासारखं झालं होतं. पाणदरवाजाच्या पायऱ्यांवर राजनंदिनी, शेफाली, मानसिंग आणि मुखवटा छातीशी धरलेला सोनबा उभे होते. वारा पडला होता. देवळाच्या कळसावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

"बाईसाहेब, ठेव तुमच्या घराण्याकडं होती," संजीवनी म्हणाली. "पुढं तुम्ही व्हा."

राजनंदिनींनी चपला काढल्या, साडीचा काठ उचलला आणि सरळ देवळाच्या रोखानं चालू लागल्या. एक पाऊल. दुसरं. समोरची खपली इतर ठिकाणांसारखीच दिसत होती. त्यांनी पुढचा पाय उचलला.

"तिकडून नको! बाईसाहेब, थांबा! डाव्या हाताला, भिंतीच्या अंगानं या!"

मानसिंग ओरडला होता. ओरडून तो थांबलाही नाही. धावत पुढं गेला, त्यांचा दंड धरून मागं ओढलं आणि न बघता, न चाचपता बरोबर त्या वाकड्या वाटेवर उभा राहिला.

मग त्याचं त्यालाच कळलं. त्यानं हात सोडला.

गाळातून बुडबुडा फुटल्याचा आवाज आला.

"ह्या उन्हाळ्यात तुम्ही खाली उतरला नव्हता, मानसिंगराव," संजीवनी म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. बाईसाहेबांना वाट ठाऊक नाही, ते आत्ता सगळ्यांनी बघितलं. सोनबांना मुखवटाच हवा होता. त्यांनी मारलं असतं तर मुखवटा घेऊन गेले असते, परत कपाटात आणून ठेवला नसता. तो परत ठेवला कारण तो राजवाड्यातून हललाच नाही असं वाटायला हवं होतं. शेफालीताईंना खोट लपवायची असती तर त्यांनी ती दिघ्यांना दाखवलीच नसती. चपला उंबऱ्याशी ठेवून तुम्ही आम्हाला वर बघायला लावलंत, कारण आम्ही खाली बघायला नको होतं. चला. वाट तुम्हीच दाखवा."

तो मुकाट्यानं पुढं झाला. बाकीचे त्याच्या पावलावर पाऊल ठेवत गेले.

देवळाच्या दाराशी संजीवनी जराशी अडखळली. सोनबानं ते पाहिलं.

"तुमी कुठल्या, बाई?"

"आजीचं माहेर कुंभळी. खालच्या आळीतलं. तिच्या आईला ही पायरी चढू देत नसत."

सोनबानं मान खाली घातली. मग बाजूला होऊन म्हणाला, "तुमी आदी जावा आत."

ती आत गेली. गाभाऱ्यात हिरवट दगड उभा होता, बिनचेहऱ्याचा. सोनबानं मुखवटा त्यावर चढवला. तो बसेना. वरून टेकला तर खालून हलायचा, खाली दाबला तर कपाळापाशी फट राहायची. सोनबानं पुन्हा लावून पाहिला, पुन्हा पुन्हा लावून पाहिला. त्याच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला.

"ही ती न्हवं. ही आमची न्हवं."

दगडाच्या पायाशी, गाळात अर्धा रुतलेला, दिघ्यांचा चष्मा पडला होता.

७

मानसिंगनं पळायचा प्रयत्न केला नाही. फक्त एक मागणं मागितलं, बाईसाहेबांच्या माघारी बोलायचं. संजीवनीनं बाकीच्यांना देवळाबाहेर थांबवलं.

"दिघेसाहेबांनी मलाच विचारलं," तो म्हणाला. "सरकारांच्या काळातला मी एकटाच उरलोय ना. म्हणाले, मानसिंगराव, पाणदरवाजा उघडून द्या, मला मुखवटा दगडाला लावून बघायचाय. मी म्हटलं वाट अवघड आहे, आधी मी बघून येतो. दोनतीनदा उतरलो, चाचपली. वाटलं होतं, नाही म्हणून सांगावं, जाताच येत नाही म्हणावं. पण ते ऐकणारे नव्हते."

"मुखवटा नकली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"खरा मीच नेला होता. सोनाराकडं. सरकारांनी सांगितलं आणि मी नेला."

"कशासाठी?"

"बाईसाहेबांचं लग्न ठरलं होतं. सासर तोलामोलाचं. मुलीला जेवायला चांदीचं ताट हवं, त्याशिवाय गुंजवट्यांची लेक उंबरा कशी ओलांडणार? घरात चांदी राहिली नव्हती. जे होतं ते कपाटात होतं." त्यानं बिनचेहऱ्याच्या दगडाकडं पाहिलं आणि नजर फिरवली. "नकली, वरून चांदीचा मुलामा दिलेला, घडवून आणला तोही मीच. सरकार मरताना माझा हात धरून म्हणाले, माझ्या पोरीला हे कळू देऊ नकोस."

"आणि दिघे?"

"मुखवटा बसेना तेव्हा ते खाली वाकून बघत होते. म्हणाले, मानसिंगराव, हे सगळ्यांना सांगावं लागेल. बाईसाहेबांना पहिल्यांदा. मी पाया पडलो त्यांच्या. ते म्हणाले, ठेव होती ती, लपवता येणार नाही. परत वाकले." त्यानं स्वतःचे तळवे उघडून पाहिले. "धोंडा हाताशीच होता."

बाहेर पहिले टपोरे थेंब गाळावर पडू लागले.

"बाईसाहेबांना सांगू नका," तो म्हणाला. "मला फाशी द्या, पण तेवढं सांगू नका."

"ते माझ्या हातात नाही, मानसिंगराव," संजीवनी म्हणाली.

पण सांगायची वेळ आलीच नाही. ती वळली तेव्हा राजनंदिनी दारात उभ्या होत्या. पावसानं त्यांना आडोशाला आणलं होतं. त्यांचा चेहरा मातीच्या माणसांसारखा झाला होता.

८

पाऊस लागला. कळस बुडाला. मार्गासनीच्या पुढं रस्ता निसरडा झालेला असताना एके दिवशी राजनंदिनींनी संजीवनीला सोबत यायची विनंती केली, आणि दोघी जीपनं डोंगरातल्या कुंभळीला गेल्या.

पत्र्याच्या देवळात शेंदूर फासलेला दगड होता. सोनबा दारात बसला होता. गावातली माणसं लांब उभी राहिली. कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

राजनंदिनींनी पदराखालचं गाठोडं सोडलं. आत ताट होतं, जाड चांदीचं, काठावर वेलबुट्टी असलेलं, घासून लखलखीत केलेलं.

"हेच ते," त्या म्हणाल्या. "लग्नापासून मी यात जेवले. सणासुदीला, पाहुण्यांपुढं. मुलांना यातच घास भरवले." त्यांनी ताट पुढं केलं.

सोनबानं ताट हातात घेतलं नाही. नुसतं बघत राहिला. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"तुमास्नी ठावं न्हवतं," तो म्हणाला.

"आता ठाऊक आहे. वितळवा, पुन्हा मुखवटा करा. मी सोनार आणते. तुम्ही म्हणाल ते करते."

"न्हाई. पुन्यांदा इस्तवात न्हाई घालायची तिला."

तो उठला. आता मात्र त्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं, आत नेलं आणि दगडाला टेकवून उभं ठेवलं. समई पेटवली. ज्योत स्थिर झाली तशी ताटाच्या चांदीत समोर उभ्या असलेल्या बाईचा चेहरा उमटला, पिवळसर, डोळे मोठे झालेला. राजनंदिनी दचकून मागं सरकल्या.

"हलू नका, बाईसाहेब," सोनबा म्हणाला. "उभ्या ऱ्हावा तशाच. तिला बघू द्या."